कुरकुर न करणारा पट्टा

वस्तू मोडल्याशिवाय बदलायची नाही, हा आमच्या घराण्याचा अलिखित कायदा. वडील साताऱ्यात शिक्षक होते. छत्रीची काडी मोडली की काडी बदलायची, कापड विरले की कापड बदलायचे, असे करीत त्यांची एकच छत्री सव्वीस पावसाळे टिकली. अखेरच्या वर्षी तिच्यात मूळची म्हणावी अशी फक्त मूठ उरली होती. पुढे मी बँकेत अधिकारी झालो, सदतीस वर्षे इतरांच्या पैशांची काळजी वाहिली, फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. पण छत्रीचा तो कायदा काही अंगातून गेला नाही. अजूनही तो मला पटतो. मात्र त्याला एक अपवाद आहे, आणि तो मला साठी उलटल्यावर, कासेगावच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला, रात्री साडेनऊ वाजता समजला.

माझी डिझेल गाडी २०१० सालची. २०१८ मध्ये मी निवृत्त झालो तेव्हा तिचे रनिंग जेमतेम बावन्न हजार किलोमीटर झाले होते. त्या वर्षीच्या सर्व्हिसिंगला आमच्या गोडोलीतल्या मिस्तरीने सांगितले, "साहेब, टायमिंग बेल्ट बदलून घ्या. आठ वर्षं झाली."

मी बँकवाल्याच्या सवयीने विचारले, "खर्च किती?"

"पट्टा, रोलर, मजुरी धरून साडेसहा हजार."

"पट्ट्याचा काही आवाज येतोय का?"

"त्याचा आवाज येत नसतो, साहेब."

या उत्तरातच सगळे काही होते, पण मला ते ऐकू आले नाही. मी घरी येऊन गाडीची पुस्तिका काढली. तीत लिहिले होते : ८०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. मी त्यातले 'ऐंशी हजार' वाचले, त्यातून बावन्न वजा केले आणि अजून अठ्ठावीस हजार शिल्लक आहेत असा हिशेब मांडून पुस्तिका मिटली. 'जे आधी येईल ते' हे शब्द कर्जाच्या करारपत्रात असते तर मी त्यांच्याखाली लाल रेघ मारली असती. स्वतःच्या बाबतीत मात्र माणूस सोयीचेच वाचतो.

२०१९ च्या जानेवारीत सांगलीला भाच्याचे लग्न होते. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटर. महामार्गाने कऱ्हाड, कासेगाव, पेठ नाका आणि तिथून डावीकडे वळून आष्ट्यावरून सांगली. हा रस्ता मला तळहातासारखा पाठ. निघायला उशीर झाला. गाडीत मी, सौ. आणि मागच्या सीटवर झोपलेली सहा वर्षांची नात. हंगाम उसाचा. त्या दिवसांत आमच्या भागात रात्री गाडी चालवलेल्यांना सांगायला नको : पुढे ट्रॅक्टर, त्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल कापड.

कऱ्हाड सोडले. ताशी सत्तर-ऐंशीचा वेग असेल. एकदम इंजिनातून टकटक असा कोरडा आवाज आला आणि पुढच्याच क्षणी इंजिन गप्प झाले. ना धूर, ना वास, ना आधी कसला दिवा लागलेला. मी क्लच दाबला, तर स्टीअरिंग दगडासारखे जड. ब्रेक एकदा नीट लागला, दुसऱ्यांदा पायाखाली लाकडाचा ओंडका असावा तसा. मागून ट्रक. त्याचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. कशीबशी गाडी डाव्या कडेला घातली. ट्रक हातभर अंतरावरून गेला, गाडी हलली आणि नातीने झोपेतच कूस बदलली.

मग आपल्याकडे होते तसे झाले. उसाच्या ट्रॅक्टरवरची चार पोरे धावत आली. "काका, दुसऱ्या गेरात टाका, धक्का मारतो." त्या भल्या पोरांनी थंडीत घाम गाळून दोनशे पावले गाडी ढकलली. गाडी काही सुरू झाली नाही. अखेर दुसऱ्या गाडीने ओढत ती सांगलीला नेली. तिथल्या मिस्तरीने पुढचे झाकण काढले, मान हलवली आणि विचारले, "धक्का मारलासा काय हो काका?" मी हो म्हटले. तो म्हणाला, "मग जे वाचलं असंल, ते बी गेलं."

हेड उतरवले तेव्हा आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले आणि एका पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण. बिल झाले अडतीस हजार. गाडी तीन आठवडे सांगलीत. लग्नातून एस.टी.ने परत येताना सौ. एवढेच म्हणाल्या, "साडेसहा हजार वाचवले ना?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तेच अधिक लागले.

हा पट्टा करतो तरी काय? पिस्टन खालीवर होतो, त्याने खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो. तो व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडतो नि मिटतो : हवा आत, धूर बाहेर. या वरच्या आणि खालच्या मंडळींचा मेळ बसला पाहिजे. खालच्याचे दोन फेरे होतात तेव्हा वरच्याचा बरोबर एक व्हायला हवा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे करीत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते नि मिटते. हा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो तुटला की वरचा जागीच थांबतो, खालचा मात्र आपल्या वेगात आणखी काही फेरे घेतो. ज्या झडपा त्या क्षणी उघड्या असतील त्यांच्यावर पिस्टन येऊन आदळतो. सगळ्याच इंजिनांत असे होत नाही. काहींत झडप आणि पिस्टन यांच्यात मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे गाडी नुसती बंद पडते, नुकसान पट्ट्यापुरतेच. पण डिझेल इंजिनात हवा फार दाबायची असल्याने जागा अगदी थोडी असते, आणि तिथे बहुधा माझ्यासारखेच बिल येते.

जुन्या पिढीला हा प्रश्न नव्हता. अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनी या गाड्यांच्या इंजिनांत पट्ट्याच्या जागी लोखंडी साखळी होती. दातेरी पट्टा मोटारीत आणला तो १९६२ च्या सुमारास जर्मनीतल्या ग्लास नावाच्या एका छोट्या कंपनीने. हलका, कमी आवाजाचा, स्वस्त, तेल लागत नाही. मग तो जगभर पसरला. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात तो आला मारुती ८०० बरोबर. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. आपण गाडीचे कौतुक केले, आत एक मुदतीचा भाग आला आहे याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

आमच्या भागात या गैरसमजाचे आणखी एक कारण आहे. आम्हाला पट्टा ठाऊक आहे तो वेगळा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे सातारा-सांगलीच्या गावोगावी ऑइल इंजिने आली. गुऱ्हाळात, पिठाच्या गिरणीत, विहिरीवर त्या इंजिनांचे पट्टे आम्ही लहानपणापासून पाहिले. तो पट्टा बोलका. सैल झाला की फडफडतो, घसरला की किंचाळतो, जास्तच झाले तर निसटून बाजूला पडतो. मग त्याला राळ लावायची, शिवून घ्यायचा, पुन्हा चढवायचा. चरक तेवढ्यापुरता थांबतो, कोणाचे काही मोडत नाही. 'पट्टा' म्हटले की हे चित्र आमच्या डोळ्यांसमोर येते. टायमिंग बेल्टला दात असतात. तो घसरून तक्रार करीत नाही. शिवाय झाकणाआड असल्याने दिसतही नाही. बरे, झाकण काढून पाहावे, तर पूर्वीच्या पट्ट्यांच्या रबरावर निदान भेगा तरी दिसत. अलीकडचे रबर इतके चांगले आहे की आतले काचेच्या धाग्याचे दोर थकले तरी वरून पट्टा नवाकोरा वाटतो. वस्तू सुधारली, आणि तिची खूण नाहीशी झाली.

आपल्या घरातल्या आणि गाडीतल्या वस्तू दोन प्रकारच्या असतात, असे मला आता वाटते. पहिला प्रकार कुरकुर करणाऱ्यांचा. ब्रेकचे लायनर झिजले की चिरकतात, क्लच गेला की गाडी चढावर दमते, टायरची नक्षी बोटाने कळते, चप्पल तर आठवडाभर आधी सांगते. यांच्या बाबतीत वडिलांचा कायदा बरोबर आहे. शेवटचा पैसा वसूल होईपर्यंत वापरा. दुसरा प्रकार न कुरकुरणाऱ्यांचा. हे शेवटच्या दिवसापर्यंत सरळ मान घालून काम करतात आणि मग एकदम जातात, जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातात. यांच्या बाबतीत डोळा आणि कान उपयोगाचे नाहीत. तिथे कॅलेंडरच पाहिजे. कादंबरीत माणूस कोसळण्याआधी लेखक त्याला प्रकरणभर खोकायला लावतो, म्हणजे वाचक तयार राहतो. आयुष्यात अशी सोय प्रत्येक वेळी नसते.

खरे तर बँकेत असताना हाच धडा मी शिकलो होतो, नव्हे, शिकवलाही होता. १९९२ पूर्वी कर्ज थकीत आहे की नाही हे बरेचसे शाखाधिकाऱ्याच्या अंदाजावर होते. "पार्टी चांगली आहे, उसाचे बिल आले की भरेल," असे म्हणून व्याज आमच्या नफ्यात धरले जाई, मग ते हाती आलेले असो वा नसो. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने नियम घातला : अंदाज नको, दिवस मोजा. मार्च १९९३ अखेरच्या वर्षाला व्याज चार तिमाह्या थकले तर ते कर्ज अनुत्पादक. पुढच्या वर्षी तीन, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. आणि मार्च २००४ पासून नव्वद दिवस. आम्ही तेव्हा खूप कुरकुर केली. "हा नियम माणूस ओळखत नाही," असे मीही म्हणालो. पण पार्टीचा चेहरा शेवटपर्यंत चांगलाच असतो, हे पुढे कळले. चेहऱ्यावर विसंबू नका, तारखेवर विसंबा, एवढेच तो नियम सांगत होता. नंतर दहा वर्षे मी नव्या अधिकाऱ्यांना हे समजावून सांगितले, आणि साडेसहा हजारांच्या पट्ट्यापुढे स्वतः विसरलो!

सातारकरांना दुसरे उदाहरण द्यायला नको. १९३६ पासून गावाचा अभिमान असलेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी निर्बंध आले आणि महिनाभरात ती आय.डी.बी.आय. बँकेत विलीन झाली. आदल्या संध्याकाळपर्यंत खातेदाराला शाखेत सगळे नेहमीसारखेच दिसत होते. पुढच्या वर्षी सांगली बँकेचेही नाव आय.सी.आय.सी.आय. बँकेत मिसळले. दोन्ही गावांनी आपापली पाटी उतरताना पाहिली. बाहेरून दिसणाऱ्या रोजच्या चेहऱ्यावरून आतले कळत नाही.

सांगलीकरांना आकड्यावर विसंबणे अधिक चांगले समजते, असे मला वाटते. आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी मोजतात : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. आपल्या पायरीला पाणी लागले का, हे पाहत बसायचे नसते. पुलावरचा आकडा ऐकून सामान वर चढवायचे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५७ फुटांवर गेली. "२००५ ला आमच्या गल्लीत आले नव्हते," म्हणून थांबलेल्यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. माझ्या त्याच भाच्याची सहा महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर मिस्तरीने इतर दुरुस्तीबरोबर पट्टाही बदलला. भाचा म्हणाला, "अहो, नवीन आहे." मिस्तरीने झाकण काढून दाखवले : दातांत नदीचा बारीक गाळ. तो गाळ पट्टा कधी कापेल हे कोणी सांगू शकत नाही.

तेव्हा निर्णय कसा घ्यायचा? पहिले म्हणजे आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे विचारून घ्या. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पुन्हा साखळी आली आहे. तिला ठराविक मुदत बहुधा नसते, पण तेल वेळेवर बदलावे लागते, आणि ती जाताना खडखडाट करून सांगते. काही नव्या इंजिनांत पट्टा तेलातच फिरतो. तिथे चुकीचे तेल घातले तर रबर खराब होते. विजेवरच्या गाडीला हा प्रश्नच नाही. पट्टा असेल तर पुस्तिकेतले दोन्ही आकडे वाचा, किलोमीटर आणि वर्षे, आणि यांपैकी आधी जो भरेल तो माना. आमच्यासारख्या निवृत्तांची गाडी कमी चालते, म्हणून वर्षेच आधी भरतात. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. इंजिनाची उष्णता त्याला झेलावी लागतेच.

जुनी गाडी घेतली असेल आणि पट्टा बदलल्याचे बिल विकणाऱ्याजवळ नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजा. 'बदलला होता बहुतेक' हा पुरावा नव्हे. पट्ट्यावर ऑइल गळत असेल, गाडी पुरात बुडाली असेल, तर मुदतीची वाट पाहू नका. बदलताना नुसता पट्टा बदलू नका. त्याला ताण देणारे नि वळवणारे रोलरही बदला, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर त्याचीही चौकशी करा. खोलण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते, आणि नवा पट्टा जुन्या रोलरमुळे गेला तर दुःख दुप्पट. शेवटचे, चालती गाडी अचानक बंद पडली आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, घुंघुं फिरू लागले, तर पुन्हा किल्ली फिरवू नका आणि धक्का मारू नका. मदतीला आलेल्यांना चहा पाजा, पण गाडी ओढूनच न्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गॅरेजवाले नको ते भाग बदलून पैसे काढतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्यावर उपाय म्हणजे सल्ला तोंडी न मानता पुस्तिकेशी ताडून पाहणे, नव्या पट्ट्याचे पक्के बिल घेणे आणि जुना पट्टा मागून घेणे. पण खरी अडचण वेगळीच आहे. जुना पट्टा हातात घेतला की तो धडधाकट दिसतो. आपण चांगली वस्तू फेकून दिली असे वाटते. मोडलेली वस्तू बदलताना मन शांत असते, कारण पुरावा समोर असतो. न मोडलेली बदलताना पुरावा कधीच मिळत नाही. वेळेवर घेतलेला निर्णय बरोबर होता हे सिद्ध करणारी एकही घटना घडत नाही; गाडी नुसती चालत राहते. आपल्यासारख्या काटकसरी माणसांना हीच गोष्ट जड जाते. रक्तदाबाची गोळी बरे वाटतेय म्हणून बंद करणारे माझे दोन मित्र होते. मी 'होते' लिहितो आहे.

२०२४ मध्ये त्या दुरुस्तीला पाच वर्षे भरली. रनिंग फक्त एकवीस हजार झाले होते. मी स्वतःहून गोडोलीला गेलो. मिस्तरी हसला, काही बोलला नाही. पट्टा बदलून झाल्यावर त्याने बॉनेटच्या आत चिकटपट्टी लावून तारीख आणि किलोमीटर लिहून दिले. जुना पट्टा मी घरी आणला. वडिलांची ती छत्री ज्या खिळ्याला असते, त्याच्या शेजारी तो टांगला आहे. नात आता मोठी झाली आहे. तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "आजोबा, हा कुठं तुटलाय?"

"तुटला नाही."

"मग बदलला कशाला?"

कासेगावच्या त्या रात्री ती झोपली होती. तिला मी सगळे सांगितले, ट्रकचा हॉर्नही सांगितला. तिने छत्रीकडे पाहिले, पट्ट्याकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे छत्री भिजवून सांगते, आणि हा सांगत नाही."

मला दोन हजार शब्द लागले ते तिने एका वाक्यात सांगितले. आज रविवार आहे. चहा झाल्यावर गाडीच्या कप्प्यातली ती पुस्तिका एकदा काढून पाहा, आणि 'जे आधी येईल ते' या शब्दांखाली लाल रेघ मारा.